अखेरच्या फेरींतील मनाची कसोटी

मुळशी तालुक्यांतील घोटावडे काय, किंवा त्याच्या आसपासचीं दुसरीं गांवें काय, या भागांत जत्रेच्या दिवशीं कुस्त्यांचा फड भरतो तेव्हां एक गोष्ट सर्वांच्या नजरेस येते. प्रथम लहान मुलांच्या नारळाच्या कुस्त्या लागतात. पुढें इनामाचा आंकडा चढत जातो, हलगीचा ठेका वाढतो, आणि दिवस कलतांना सर्वांत मोठ्या इनामाची जोड मातींत उतरते. माती तीच असते, डाव तेच असतात, मल्लाचें अंगबळही कालच्या आजांत बदललेलें नसतें. तरीही ज्या मल्लानें वर्षभर तालमींत एक डाव शेंकडों वेळां बिनचूक केलेला असतो, त्याचा पाय नेमका याच कुस्तींत चार बोटें चुकीचा पडतो. पाहणारे म्हणतात, 'पोरगा घाबरला.' हा निकाल देणें सोपें आहे; परंतु घाबरणें म्हणजे नक्की काय, तें शरीरांत कोठें घडतें व मनांत कोठें घडतें, त्याच्यावर कांहीं इलाज आहे कीं तो केवळ जन्मजात धैर्याचा प्रश्न आहे, हें विचारण्याचे श्रम फारसे कोणी घेत नाहीं.

या प्रश्नाचा सर्वांत स्वच्छ अभ्यास ज्या खेळांत करतां येतो, तो खेळ घोटावड्याहून फार दूर नाहीं. घोटावडे फाट्यावरून पौड रस्त्यानें पुण्याकडे येऊं लागलें, कीं भूगांवानंतर बावधन लागतें, आणि तेथल्या डोंगरावर गोल्फचें एक प्रशस्त मैदान आहे. पुण्यांत येरवड्यासही तसें मैदान आहे. परंतु मराठी घरांत गोल्फ हा साहेबी व श्रीमंती खेळ म्हणूनच ओळखला जातो व त्याचे नियम थोड्यांनाच ठाऊक असतात. म्हणून ते आधीं थोडक्यांत सांगणें इष्ट होईल.

गोल्फच्या मैदानावर अठरा खळगे असतात. प्रत्येक खळग्याचा व्यास अवघा सव्वाचार इंच. शेंकडों यार्डांवरून दांडीच्या टोल्यानें लहानसा चेंडू पुढें पुढें नेत अखेर त्या खळग्यांत पाडावयाचा, आणि हें कमींत कमी टोल्यांत साधावयाचें, एवढाच हा खेळ. कसलेल्या खेळाडूला कोणता खळगा किती टोल्यांत साधावा याचें एक प्रमाण ठरलेलें असतें, त्याला 'पार' म्हणतात. मोठ्या स्पर्धा चार दिवस चालतात व रोज अठरा खळग्यांची एक फेरी होते. दोन दिवसांनंतर मागें पडलेल्यांना निरोप देण्यांत येतो, व चार दिवसांच्या बेरजेंत ज्याचे टोले सर्वांत कमी तो विजयी होतो. पुरुषांच्या चार स्पर्धांना जगांत सर्वश्रेष्ठ मान आहे : एप्रिलमध्यें अमेरिकेंतील ऑगस्टा येथें होणारी मास्टर्स, मे महिन्यांतील पीजीए, जूनमधील यू. एस. ओपन आणि जुलैमध्यें ब्रिटनमध्यें होणारी ओपन. यांपैकीं एक जरी जिंकली, तरी खेळाडूचें नांव इतिहासांत राहतें.

आतां या खेळाचें वैशिष्ट्य पाहावें. क्रिकेटमध्यें चेंडू अंगावर येतो, कुस्तींत प्रतिस्पर्धी अंगावर येतो. विचार करावयास सवडच नसते. गोल्फमध्यें चेंडू जमिनीवर निश्चल पडलेला असतो. तो केव्हां मारावयाचा हें खेळाडूनेंच ठरवावयाचें. एका फेरीस चार तासांहून अधिक वेळ लागतो. परंतु त्यांतील सत्तर टोल्यांचा प्रत्यक्ष काळ एकत्र केला, तर तो दोन-तीन मिनिटांच्या पलीकडे जात नाहीं. बाकीचा सारा वेळ चालण्यांत, थांबण्यांत आणि विचार करण्यांत जातो. म्हणजे हात दोन मिनिटें काम करतात आणि मन चार तास मोकळें असतें. मोकळें मन कोठें जाईल याचा नेम नाहीं, आणि अखेरच्या दिवशीं तर तें हटकून दोनच ठिकाणीं जातें : मागें झालेल्या चुकीकडे, किंवा पुढें मिळणाऱ्या चषकाकडे.

त्यांत आणखी एका प्रथेची भर पडते. तिसऱ्या दिवशीं जो सर्वांत पुढें असतो, त्याला चौथ्या दिवशीं सर्वांच्या शेवटीं खेळावयास सोडतात. इतर खेळाडू सकाळींच मैदानावर उतरतात. हा मात्र दुपारपर्यंत वाट पाहत बसतो. आघाडी हातांत घेऊन एक संबंध रात्र काढावयाची व एक संबंध सकाळ काढावयाची, ही शिक्षाच म्हटली पाहिजे. मागून येणाऱ्याजवळ गमावण्यासारखें कांहीं नसतें. आघाडीवाल्याला मात्र अद्याप न मिळालेली गोष्ट आपल्याच मालकीची वाटूं लागलेली असते, आणि ती कोणी हिरावून नेईल या भीतीनें तो खेळावयाचें सोडून राखण करूं लागतो.

शरीरांत काय होतें तें प्रथम पाहूं जातां असें दिसतें, कीं संकट समोर आलें म्हणजे शरीर त्याला पळण्याच्या किंवा लढण्याच्या तयारीनें उत्तर देतें. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास उथळ होतो, तळहात घामेजतात, मोठे स्नायू ताठरतात. वाघापुढून पळावयाचें असेल तर ही तयारी उत्तमच. पण सहा फुटांवरून चेंडू हलकेच खळग्यांत लोटावयाचा असेल, तर ती अडचणीची होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ यर्क्स व डॉडसन यांनीं १९०८ सालीं उंदरांवर प्रयोग करून असें दाखविलें होतें, कीं उत्तेजना कांहीं मर्यादेपर्यंत शिकण्यास साहाय्य करते, त्यापलीकडे ती घातक होते. आणि काम जितकें नाजूक, तितकी ही मर्यादा लवकर येते. ओझें उचलणाराला थोडा आवेश उपकारक होतो. सुईंत दोरा ओंवणाराला तोच आवेश नडतो. गोल्फमधील शेवटचा हलका टोला हें सुईंत दोरा ओंवण्याच्या जातीचें काम आहे.

परंतु केवळ थरथरत्या हातानें सर्व उलगडा होत नाहीं. खरें वर्म याहून खोल आहे. अनेक वर्षांच्या सरावानें अंगवळणी पडलेली कोणतीही क्रिया माणूस जाणीवपूर्वक करीत नाहीं. भाकरी थापणारी गृहिणी दुसऱ्याशीं बोलत बोलत भाकरी गोल करते. तिला मध्येंच विचारलें, कीं डाव्या हाताचें कोणतें बोट केव्हां वळवितां, तर तिला सांगतां येत नाहीं, आणि सांगण्यासाठीं ती बोटांकडे पाहूं लागली तर भाकरीची कड फाटते. तबलजीचे बोल, टंकलेखकाचीं बोटें, सायकलस्वाराचा तोल, सर्वत्र हाच न्याय. शिकतांना जी क्रिया तुकड्यातुकड्यांनीं शिकलेली असते, ती सरावानें एकजीव होते व मनाच्या देखरेखींतून बाहेर पडते. दडपण आलें म्हणजे मन घाबरून पुन्हां ती देखरेख आपल्या हातीं घेतें. 'मनगट सरळ आहे ना, खांदा वळला ना, दांडी फार लवकर तर खालीं आली नाहीं ना', असें तें प्रत्येक तुकडा तपासूं लागतें, आणि एकजीव झालेली क्रिया पुन्हां तुकड्यांत विखुरते. कसलेला खेळाडू त्या क्षणीं नवशिक्या होतो. त्याचें कौशल्य नाहींसें झालेलें नसतें; त्याच्या व कौशल्याच्या मध्यें त्याचेंच लक्ष आडवें आलेलें असतें.

ही केवळ कल्पना नव्हे. अमेरिकेंतील सायन बायलॉक व थॉमस कार या मानसशास्त्रज्ञांनीं २००१ सालीं गोल्फच्या याच हलक्या टोल्यावर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. मुरलेल्या खेळाडूंना आपण नुकताच मारलेला टोला कसा मारला हें नवशिक्यांहून कमी आठवतें, असें त्यांत आढळलें. कारण तो मारतांना त्यांचें मन त्या तपशिलांत नव्हतेंच. त्याच प्रयोगमालेंतील पुढच्या निरीक्षणांत मुरलेल्या खेळाडूंना आपल्या हाताच्या गतीवर लक्ष ठेवावयास सांगितलें, तेव्हां त्यांचा खेळ बिघडला. उलट दुसरीकडे आवाज ऐकत टोला मारावयास सांगितलें, तेव्हां तो तसा बिघडला नाहीं. २००४ च्या एका प्रयोगांत तर असें दिसलें, कीं टोला चटकन् मारा अशी आज्ञा केल्यानें नवशिक्यांचा नेम चुकतो, पण मुरलेल्यांचा सुधारतो. घाईनें काम नासतें ही म्हण शिकाऊ माणसाला लागू आहे. शिकून निष्णात झालेल्याला पुष्कळदां रेंगाळणेंच नडतें.

इंग्लंडमधील रिचर्ड मास्टर्स यांनीं १९९२ सालीं याच प्रश्नाची दुसरी बाजू उजेडांत आणली. त्यांनीं कांहीं नवशिक्यांना नियमांची सविस्तर पोथी देऊन शिकविलें व कांहींना नियम न सांगतां, किंबहुना त्यांचें मन दुसऱ्या कामांत गुंतवून, केवळ सरावानें शिकूं दिलें. पुढें पैशाचें व परीक्षकाचें दडपण आणलें, तेव्हां पोथीवाल्यांची प्रगति अडली. दुसऱ्यांच्या खेळांत तशी घसरण दिसली नाहीं. ज्याच्या डोक्यांत नियमांचे शब्दच नव्हते, त्याच्या मनाला संकटसमयीं उकरून काढावयास कांहीं सांपडलें नाहीं. आपल्याकडील वस्ताद डाव फोड करून सांगण्यापेक्षां तो शंभर वेळां करून घेतात, त्यांतील शहाणपणाला या प्रयोगानें एक प्रकारें दुजोराच मिळाला.

आतां प्रत्यक्ष उदाहरणें घ्यावींत. उत्तर आयर्लंडचा रॉरी मॅकिलरॉय हा २०११ च्या मास्टर्स स्पर्धेंत तीन दिवसांनंतर चार टोल्यांनीं पुढें होता. त्याचें वय त्या वेळीं एकवीस वर्षांचें होतें. अखेरच्या दिवशीं पहिल्या नऊ खळग्यांनंतरही आघाडी त्याच्याकडेच होती. दहाव्या खळग्यावर त्याचा पहिला टोला डावीकडे झाडींत इतका दूर गेला, कीं चेंडू मैदानांतील निवासी घरांच्या जवळ जाऊन पडला. चार टोल्यांच्या त्या खळग्यास त्याला सात लागले. बाराव्यावर खळग्याजवळून चेंडू आंत घालावयास चार टोले लागले. त्या दिवशींची त्याची बेरीज ८० झाली व तो पंधराव्या स्थानापर्यंत घसरला. एक वांकडा टोला कोणाच्याही हातून जातो. तो टोला दहाव्यावर न राहतां बाराव्यापर्यंत त्याच्याबरोबर चालत गेला, हें खरें नुकसान.

परंतु कथा येथें संपत नाहीं. अवघ्या दोन महिन्यांनीं, जून २०११ मध्यें, हाच मुलगा यू. एस. ओपनमध्यें पुन्हां आघाडी घेऊन अखेरच्या फेरीस उतरला. या वेळीं त्यानें ती सोडली नाहीं. २६८ टोल्यांची विक्रमी बेरीज करून तो आठ टोल्यांनीं जिंकला. दोन महिन्यांत त्याचा हात बदलला असें कोणी म्हणणार नाहीं. ऑगस्टा येथील जखम मात्र पूर्ण भरून यावयास चौदा वर्षें लागलीं : २०२५ सालीं जस्टिन रोझशीं बरोबरी झाल्यावर जादा खळग्यावर विजय मिळवून त्यानें मास्टर्स जिंकली व चारही श्रेष्ठ स्पर्धांचा मान पुरा केला.

अमेरिकेच्या जॉर्डन स्पीथची हकीकतही अशीच बोधप्रद आहे. एकविसाव्या वर्षीं, २०१५ मध्यें, त्यानें मास्टर्स जिंकली. पुढच्याच वर्षीं अखेरच्या फेरीचे निम्मे खळगे होईतों तो पांच टोल्यांनीं पुढें होता. बाराव्या खळग्यावर त्यानें लागोपाठ दोनदां चेंडू ओढ्याच्या पाण्यांत घातला. तीन टोल्यांचें काम सात टोल्यांत झालें, आणि स्पर्धा इंग्लंडच्या डॅनी विलेटनें जिंकली. एका वर्षानंतर, २०१७ च्या ओपन स्पर्धेंत, तेराव्या खळग्यावर त्याचा चेंडू पुन्हां भलतीकडे, वाळूच्या टेंकड्यांत गेला. या खेपेस तो गडबडला नाहीं. नियमांनीं दिलेली सवलत घेऊन त्यानें सरावाच्या मैदानावरून चेंडू मारावयाचें ठरविलें, वीस मिनिटें गेलीं तरी जाऊं दिलीं, आणि फक्त एका टोल्याच्या नुकसानींत तेथून सुटका करून घेतली. त्यानंतरच्या चार खळग्यांत त्यानें पारपेक्षां पांच टोले वांचविले व तो तीन टोल्यांनीं विजयी झाला. आपत्ति दोन्ही वर्षीं आली. दुसऱ्या वेळीं ती एका खळग्यापुरती राहिली, एवढाच फरक.

यावरून तारुण्य हेंच दुबळेपणाचें कारण, असा निष्कर्ष काढणें मात्र चुकीचें ठरेल. टायगर वुड्सनें १९९७ ची मास्टर्स एकविसाव्या वर्षींच, आणि तीही बारा टोल्यांच्या अंतरानें जिंकली होती. उलटपक्षीं ग्रेग नॉर्मन हा १९९६ सालीं सहा टोल्यांची आघाडी घेऊन त्याच मैदानावर शेवटच्या दिवशीं उतरला व पांच टोल्यांनीं हरला, तेव्हां तो चाळिशी ओलांडलेला, जगभर विजय मिळविलेला खेळाडू होता. तरुणाजवळ पराभवाच्या आठवणी थोड्या असतात. हें त्याचें बळ असतें. त्याची उणीव वेगळी असते. बिघडलेला दिवस सांवरतो, हा अनुभव त्याच्या गांठीं नसतो. म्हणून पहिली चूक त्याला शेवटची वाटते.

भारतीय खेळाडूंकडे वळलें, तर पुण्यांत जन्मलेला अनिर्बन लाहिरी २०१५ च्या पीजीए स्पर्धेंत पांचव्या क्रमांकाच्या बरोबरींत आला. कोणाही भारतीय पुरुषानें तोंवर श्रेष्ठ स्पर्धेंत इतकें उच्च स्थान मिळविलें नव्हतें. बंगळूरची अदिति अशोक २०२१ मध्यें झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्यें तीन फेऱ्यांनंतर दुसरी होती. अखेरच्या फेरींत तिनें ६८ टोले घेतले, म्हणजे उत्तमच खेळ केला. तरीही इतर तिच्याहून सरस ठरल्या व अवघ्या एका टोल्यानें तिचें पदक हुकलें. येथें एक भेद ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. आपला खेळ खेळून हरणें निराळें, आणि आपला खेळच हातून सुटणें निराळें. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत दोन्हींना एकच शब्द लागतो. पण पहिल्यांत शोक करण्याजोगें कांहीं नाहीं, आणि दुसऱ्यांत शिकण्याजोगें पुष्कळ आहे.

महाराष्ट्रांत गोल्फची परंपरा रुंद नसली, तरी याच जातीच्या एका खेळांत मराठी मुलांनीं मोठें नांव मिळविलें आहे. तो खेळ म्हणजे नेमबाजी. येथेंही लक्ष्य निश्चल असतें, प्रतिस्पर्धी अंगाला हात लावीत नाहीं, आणि गोळी केव्हां सोडावयाची हें नेमबाजानेंच ठरवावयाचें असतें. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील ऑक्टोबर २०२२ मध्यें कैरो येथें दहा मीटर एअर रायफलच्या जागतिक स्पर्धेंत सुवर्णपदकाच्या लढतीस उभा राहिला, तेव्हां तो अठरा वर्षांचा होता. इटलीच्या सोलाझ्झोविरुद्ध तो एका वेळीं ४-१० असा मागें पडला. पुढें एकेक गोळी करीत त्यानें ती लढत १७-१३ अशी जिंकली. सहा गुणांची तूट एका गोळींत भरून काढतां येत नाहीं, हें ज्याला उमगलें त्यालाच ती भरून काढतां येते.

कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे याची कथा तर या विषयाचें मूर्तिमंत उदाहरण होय. सरकारच्या क्रीडा प्रबोधिनींत तयार झालेला, मध्य रेल्वेंत तिकीट तपासनीसाची नोकरी करणारा आणि पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलांत सराव केलेला हा नेमबाज, २०२३ मध्यें हांगचौ येथें झालेल्या आशियाई स्पर्धेंत पन्नास मीटर रायफलच्या अंतिम फेरींत पदकाच्या, किंबहुना सुवर्णाच्याही, वाटेवर होता. अखेरच्या टप्प्यांत त्याची एक गोळी ७.६ गुणांवर गेली, आणि तो चौथा आला. दहाच्या आसपास गुण मिळविण्याची ज्याला सवय, त्याच्या हातून ती एकच गोळी सुटली. पुढच्याच वर्षीं, १ ऑगस्ट २०२४ रोजीं, पॅरिस ऑलिंपिकमध्यें तो सातव्या क्रमांकानें अंतिम फेरींत पोंचला. गुडघ्यावर बसून व पालथें झोपून नेम मारण्याचे टप्पे संपले तेव्हां तो पहिल्या तिघांत नव्हता. शेवटचा टप्पा उभ्यानें नेम मारण्याचा, सर्वांत अवघड, आणि हांगचौला त्याला जेथें ठेंच लागली तोच. येथें तो वर चढला आणि ४५१.४ गुणांसह कांस्यपदकाचा मानकरी झाला. या प्रकारांत ऑलिंपिक पदक मिळविणारा तो पहिला भारतीय. त्या दिवशीं पोटांत गोळा आला असल्यामुळें आपण कांहीं न खातां केवळ काळा चहा घेऊन आलों, असें त्यानें मागाहून सांगितलें. हा तपशील लहान असला तरी मोलाचा आहे. विजयी माणसाला भीति वाटत नाहीं, हा समज त्यानें पुसला जातो. भीति वाटतच असते. तिला बंदुकीच्या घोड्यापर्यंत येऊं द्यावयाचें नसतें.

मुळशी तालुक्यापुरतें बोलावयाचें, तर २०१७ च्या डिसेंबरांत महाराष्ट्र केसरीची स्पर्धा याच तालुक्यांतील भूगांवास झाली. तेथें पुण्याच्या अभिजित कटकेनें साताऱ्याच्या किरण भगतला हरवून गदा मिळविली. परंतु आदल्या वर्षीं वारजे येथें तोच कटके अंतिम कुस्तींत विजय चौधरीकडून हरला होता, आणि पुढच्या वर्षीं जालन्यास तो पुन्हां अंतिम कुस्तींत बाला रफिक शेखकडून हरला. लागोपाठ तीन वर्षें शेवटच्या कुस्तीला उभें राहणें हेंच मुळांत असामान्य. पण लोकांच्या स्मरणांत एकच वर्ष राहतें. २०२३ सालीं तो हिंद केसरी झाला. मधल्या पराभवानंतर त्यानें लंगोट खुंटीला टांगला असता, तर तो दिवस उगवलाच नसता.

मग यावर उपाय कोणते? पहिला उपाय ठराविक क्रमाचा. चांगला खेळाडू प्रत्येक टोल्यापूर्वीं तींच तींच कृत्यें त्याच क्रमानें करतो : चेंडूच्या मागें उभा राहून रेषा पाहणें, एक दीर्घ श्वास, ठराविक पावलें, एकदां हवेंत दांडी फिरविणें, आणि मग विलंब न करतां टोला. बाहेरून हा विधि वाटतो. आंतून तो मोकळ्या मनाला दिलेलें काम असतें. पहिल्या दिवशींचा पहिला टोला आणि चौथ्या दिवशींचा शेवटचा टोला यांना एकाच दारांतून आंत घेतलें, म्हणजे त्यांतला फरक मनाला कमी जाणवतो.

दुसरा उपाय नजरेचा. कॅनडाच्या जोन व्हिकर्स यांनीं १९९२ सालीं गोल्फ खेळणारांच्या नजरेचें मापन केलें. निष्णात खेळाडूची दृष्टि टोल्यापूर्वीं चेंडूवरील एकाच बिंदूवर सुमारें दोन सेकंद स्थिर राहते. कच्च्या खेळाडूची दृष्टि चेंडू, दांडी व खळगा यांमध्यें भिरभिरत राहते, असें त्यांना आढळलें. डोळा स्थिर झाला कीं मन त्याच्या मागोमाग येतें. नजरेची ही स्थिरता शिकवितां येते.

तिसरा उपाय सरावाचा. शांत सकाळीं एकट्यानें शंभर टोले मारणें हा हाताचा सराव झाला. मनाचा सराव व्हावयास त्यांत कांहीं पणाला लागलें पाहिजे. दहा टोले लागोपाठ आंत गेल्याशिवाय घरीं जावयाचें नाहीं, नववा चुकला तर पुन्हां पहिल्यापासून, असा नियम करून खेळणारे खेळाडू शेवटच्या दिवसाची थोडी चव रोज घेत असतात. चौथा उपाय विसरण्याचा. वाईट टोल्यावर चरफडावयाचें तें दहा पावलें. अकराव्या पावलाला पुढच्या टोल्याचा विचार. या चार उपायांत दैवी असें कांहीं नाहीं. भीति घालविण्याचा प्रयत्न त्यांपैकीं एकही करीत नाहीं. सर्वांचा रोख लक्ष कोठें ठेवावें, यावर आहे.

या सर्व चर्चेचा शहरांतील सुशिक्षित घरांशीं संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. कारण अखेरची फेरी खेळणारीं मुलें आज जवळजवळ प्रत्येक घरांत आहेत. कोणी शालान्त परीक्षेला बसतें, कोणी स्पर्धापरीक्षेला, कोणी गाण्याच्या मैफलीला, कोणी जलतरणाच्या शर्यतीला. त्या दिवशीं सकाळीं वडीलधारीं माणसें प्रेमानेंच म्हणतात, 'आज मुळींच चुकूं नकोस.' वर सांगितलेलें ज्यानें ऐकलें असेल, त्याला या वाक्याचा दोष तत्काळ दिसेल. चुकूं नकोस म्हणणें म्हणजे प्रत्येक हालचालीवर पहारा बसवावयास सांगणें. आणि पहारा बसला कीं चूक आलीच. त्यापेक्षां 'रोज करतोस तसें कर' हें वाक्य शास्त्राला अधिक धरून आहे.

दुसरें ओझें पैशाचें. स्वप्निल कुसाळेच्या शिक्षक असलेल्या वडिलांनीं मुलाच्या गोळ्यांसाठीं कर्ज काढलें होतें, ही हकीकत प्रसिद्ध आहे. असा त्याग अनेक आईबाप करतात व तो वंदनीयच आहे. परंतु ज्या घरीं त्या खर्चाचा उच्चार रोज जेवतांना होतो, त्या घरच्या मुलाला प्रत्येक गोळीच्या आवाजांत व्याजाचा आंकडा ऐकूं येतो. त्याग करून तो मुलाच्या खांद्यावर न ठेवणें, हा त्यागाचाच उत्तरार्ध होय.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पराभवानंतरची संध्याकाळ. त्या संध्याकाळीं मुलाला 'तुझ्यांत धमक नाहीं' असें सांगितलें, तर तो त्या एका दिवसाला आपला स्वभाव समजूं लागतो. आणि स्वभाव बदलत नाहीं अशी समजूत असल्यामुळें तो खेळच सोडून देतो. असे किती मल्ल, किती नेमबाज, किती विद्यार्थी एका दिवसाच्या निकालावर कायमचे बाद झाले असतील, याची नोंद कोठेंच होत नाहीं. उलट त्याला इतकेंच समजावून दिलें, कीं हात उत्तम आहे, लक्ष भलतीकडे गेलें होतें, आणि लक्ष कोठें ठेवावें हें हाताइतकेंच शिकतां येतें, तर तो दुसऱ्या दिवशीं पुन्हां सरावाला जातो. एकविसाव्या वर्षीं ऐंशी टोले घेणाऱ्या मॅकिलरॉयला व ७.६ गुणांची गोळी सोडणाऱ्या कुसाळेला पुढची संधि मिळाली, ती ते दोघेही दुसऱ्या दिवशीं सरावाला गेले म्हणूनच.